ई. एच. कार आणि आमचा पदवीचा विद्यार्थी

गेल्या वर्षी सणाच्या दिवशी आम्ही प्रवचनात आमच्या चर्चच्या स्थापनेची कथा सांगितली. ही कथा धर्मग्रामात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. वादळात सापडलेले गलबत, खलाशांनी पवित्र मातेला केलेला नवस, आणि सुखरूप किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी उभारलेले झावळ्यांच्या छपराचे प्रार्थनामंदिर. मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत असताना एक तरुण दारात येऊन उभा राहिला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास हा विषय घेतलेला, अबोल, पण डोळ्यांत चमक असलेला मुलगा. त्याने विचारले, "फादर, गलबताच्या गोष्टीला पुरावा काय?" सणाची गडबड होती, बाहेर लोक खोळंबले होते. आम्ही जरा तुटकपणेच म्हणालो, "अरे, तुझ्या आजीला विचार." तो म्हणाला, "आजीला विचारलं, फादर. ती म्हणाली, फादरांनी सांगितलं."

त्या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो, आणि खरे सांगायचे तर थोडे रागावलोही. मागाहून कळले की त्याच्या वर्गात ई. एच. कार यांचे ‘व्हॉट इज हिस्टरी?’ हे पुस्तक लावले आहे आणि त्याचे पहिले प्रकरण झेरॉक्स करून तो बरोबर बाळगतो. सेमिनरीत असताना आम्ही हे पुस्तक केवळ चाळले होते. आता त्या मुलाच्या प्रश्नामुळे ते अथपासून इतिपर्यंत वाचून काढले. त्याच्या आईवडिलांनी, आणि आपल्यासारख्या इतर कुटुंबांनीही, या पुस्तकाविषयी काही जाणून घ्यावे असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

इतिहास हा विषय आपल्या घरांतून फारशा आदराने पाहिला जात नाही, ही गोष्ट उघड आहे. बारावीला गुण कमी पडले, वाणिज्य शाखेत प्रवेश मिळाला नाही, की मूल "आर्टस"ला जाते आणि तेथे जो विषय सोपा म्हणून सांगितला जातो तो म्हणजे इतिहास. तो सोपा का, तर पाठ करता येतो म्हणून. परीक्षेच्या आदल्या महिन्यात बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकेत कारदेखील दहा मुद्यांत बसविलेले असतात. कारची व्याख्या, कारचे मत, कारच्या मतावरील आक्षेप, समारोप. ज्या माणसाने उभे पुस्तक पाठांतराविरुद्ध लिहिले त्याचेच मुद्दे मुले पाठ करतात, यापरते दुर्दैव कोणते? पण दोष एकट्या मुलांना देता येत नाही. आम्ही स्वतः सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास एका जाडजूड पाठ्यपुस्तकावरून शिकलो. गॅलिलिओ प्रकरणावर दीड पान उत्तर लिहिले, उत्तम गुण मिळविले, आणि त्या खटल्याची कागदपत्रे कोठे असतात, ती कोणी लिहिली, हा प्रश्नही आम्हाला कधी पडला नाही.

आता पुस्तकाकडे वळू. एडवर्ड हॅलेट कार (१८९२–१९८२) हे मूळचे अध्यापक नव्हेत. १९१६ ते १९३६ अशी वीस वर्षे त्यांनी ब्रिटिश परराष्ट्र खात्यात काढली, पुढे महायुद्धाच्या काळात लंडनच्या ‘टाइम्स’चे साहाय्यक संपादक म्हणून अग्रलेख लिहिले, आणि त्यानंतर सोव्हिएत रशियाचा चौदा खंडांचा इतिहास रचला. १९६१ च्या प्रारंभी त्यांनी केंब्रिज विद्यापीठात ट्रेव्हेल्यन व्याख्यानमालेत सहा व्याख्याने दिली. त्याच वर्षी ती ग्रंथरूपाने आली, तेच हे पुस्तक. बोललेले असल्यामुळे ते वाचायला हलके आहे. कोपरखळ्या, विनोद, मित्रांचे चिमटे सर्वत्र पेरलेले आहेत. इंग्रजी कच्चे असलेल्या मुलालाही एकदा सूर सापडला की ते आपल्याबरोबर ओढून नेते. हा त्याचा मोठा गुण.

पहिल्या प्रकरणात कार यांनी वस्तुस्थितीची तुलना माशांशी केली आहे, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांना ती विशेष रुचेल. मासळीबाजारात पाटीवर मांडलेली मासळी घरी नेऊन शिजवावी तसे इतिहासकाराला पुरावे आयते मिळतात, असे जुने लोक समजत. कार म्हणतात, तसे नाही. मासे अफाट समुद्रात फिरत असतात. कोणते हाती लागतील हे थोडे नशिबावर, पण मुख्यतः माणूस कोठे जातो आणि कोणती साधने नेतो यावर ठरते. अर्नाळ्याच्या कोणत्याही नाखव्याला हे शिकवावे लागणार नाही. बोंबलासाठी लावलेल्या डोल जाळ्यात सुरमईची वाट कोण पाहतो? ज्याने राजांच्या लढायांसाठी जाळे टाकले त्याला लढायाच मिळतात. आणि मग तो प्रामाणिकपणे सांगतो की समुद्रात दुसरे काही नव्हतेच.

त्याच प्रकरणात स्टॅलीब्रिज या इंग्रजी गावातील एक प्रसंग आहे. १८५० साली तेथील जत्रेत, क्षुल्लक भांडणावरून, आल्याचा गोड पाव विकणाऱ्या एका फेरीवाल्याला संतप्त जमावाने लाथाबुक्क्यांनी ठार केले. कार विचारतात, हा इतिहास आहे काय? एका अपरिचित आठवणींच्या पुस्तकात ती नोंद पडून होती. मग किटसन क्लार्क या विद्वानाने ऑक्सफर्डमधील व्याख्यानात तिचा उल्लेख केला. आणखी दोनचार जणांनी केला तर ती इतिहासात प्रवेश मिळवील, नाहीतर पुन्हा विस्मृतीत जाईल. गंमत अशी की खुद्द कार यांनी ती सांगितल्यामुळेच आज जगभरचे विद्यार्थी त्या गरीब विक्रेत्याला ओळखतात. किती माणसे अशी नोंदीविना गेली असतील, असा विचार हे वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

परंतु पुस्तकातील सर्वांत मौल्यवान पाने आम्हाला गुस्ताव स्ट्रेझेमन यांच्या कागदपत्रांविषयीची वाटली. शक्य असते तर ती आम्ही प्रत्येक महाविद्यालयाच्या भिंतीवर लावली असती. स्ट्रेझेमन हे १९२३ ते १९२९ जर्मनीचे परराष्ट्रमंत्री. ते वारले तेव्हा मागे सुमारे तीनशे पेट्या भरून कागद राहिले. त्यांचे चिटणीस बेर्नहार्ड यांनी त्यांतून निवड करून तीन जाड खंड प्रसिद्ध केले. स्ट्रेझेमन यांचे यश पश्चिमेकडील राष्ट्रांशी केलेल्या तहांत होते, म्हणून निष्ठावंत चिटणिसाने ते कागद भरभरून घेतले. सोव्हिएत रशियाशी चाललेल्या वाटाघाटींतून विशेष निष्पन्न झाले नव्हते, म्हणून ते कागद बेताने घेतले. पुढे इंग्रजी भाषांतरकाराने सुमारे एकतृतीयांश मजकूर गाळला, आणि कात्री पुन्हा मुख्यतः रशियावरच चालली. दुसऱ्या महायुद्धानंतर मूळ पेट्या ब्रिटिश व अमेरिकी सरकारांच्या हाती पडल्या म्हणून हे उघडकीस आले. त्या पेट्या बाँबहल्ल्यात जळाल्या असत्या तर? छापील खंड हाच विश्वसनीय पुरावा ठरला असता. आणि खोटे कोणीच बोललेले नव्हते!

येथे कार थांबत नाहीत. ते म्हणतात, मूळ पेट्या पाहा. सोव्हिएत मंत्री चिचेरिन यांच्याशी झालेल्या संभाषणांचे टिपण स्ट्रेझेमन यांनी स्वतः केले आहे. त्यात स्ट्रेझेमन यांचे बोलणे नेहमी मुद्देसूद, आणि चिचेरिन यांचे त्रोटक, गोंधळलेले. म्हणजे मूळ कागददेखील काय घडले ते सांगत नाही, लिहिणाऱ्याला काय घडले असे वाटले, किंवा इतरांना काय वाटावे अशी त्याची इच्छा होती, ते सांगतो. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले आणि आमच्या कपाटातील धर्मग्राम समितीच्या सभांची इतिवृत्ते काढली. ती आम्हीच लिहिली आहेत. वाचकहो, त्या इतिवृत्तांत आम्ही किती समंजसपणे बोलतो म्हणून सांगू! विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मात्र एका ओळीत, "चर्चा झाली" एवढ्यावर आटोपले आहे.

मधल्या प्रकरणांविषयी थोडक्यात सांगतो. व्यक्ती आणि समाज यांवरचे दुसरे प्रकरण चांगले आहे. तथ्ये अभ्यासण्याआधी इतिहासकार कोण, कोणत्या काळचा, ते पाहावे, हा त्यातील उपदेश विद्यार्थ्याने गाठीला बांधावा. कार्यकारणभावावरचे चौथे प्रकरण रॉबिन्सन नावाच्या माणसाच्या अपघाताभोवती फिरते. तो सिगारेट आणायला रस्ता ओलांडत होता, मोटार चालविणारा मद्य प्यालेला होता, ब्रेक नादुरुस्त होते आणि वळणावर काळोख होता. यांतले कारण कोणते? सिगारेट हेही एक कारणच, पण त्यातून पुढच्यासाठी शिकण्यासारखे काही निघत नाही. सांगण्याची रीत मोठी मार्मिक आहे.

आता आमचा मतभेद. तिसऱ्या प्रकरणात कार सांगतात की इतिहासकाराने व्यक्तींचा नैतिक न्यायनिवाडा करीत बसू नये. मोठ्या परिवर्तनाची किंमत कोणीतरी मोजतेच, आणि लाभ दुसऱ्यालाच मिळतो, हे त्यांना ठाऊक आहे. इंग्लंडच्या औद्योगिकीकरणाचे आणि रशियातील सामुदायिक शेतीचे दाखले ते देतात. दोस्तोयेव्हस्की यांच्या कादंबरीतील इव्हान कारामाझोव्ह, एका निरपराध बालकाच्या अश्रूंवर उभारलेली सुसंवादी सृष्टी नाकारतो. त्याची ही बंडखोरी कार यांना वीरोचित खरी, पण चूकच वाटते. आपण समाजात जन्मतो, इतिहासात जन्मतो, प्रवेशिका परत करण्याची मुभा कोणाला नसते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पाचव्या प्रकरणात तर ते मान्यच करतात की इतिहास हा बहुतांशी माणसांनी काय केले याचा वृत्तांत असल्यामुळे तो अपरिहार्यपणे यशाची कहाणी होतो.

येथे आम्ही अडखळलो. ज्याने पहिल्या प्रकरणात मारल्या गेलेल्या फेरीवाल्यासाठी दार किलकिले केले, त्यानेच पाचव्या प्रकरणात ते पुन्हा लोटून घ्यावे? येथे कार यांचाच उपदेश त्यांना लावून पाहावा. वीस वर्षे राज्यकर्त्यांच्या कचेरीत बसलेला, पुढे एका राज्यक्रांतीचा इतिहास लिहिणारा हा माणूस आहे. सत्ता हाती घेऊन काही उभारणाऱ्यांकडे त्याचे लक्ष स्वाभाविकच जाते. ज्यांच्यावरून गाडा गेला त्यांच्याकडे त्याचे पुरेसे लक्ष नाही, हा आक्षेप त्यांच्या रशियाच्या इतिहासावरही टीकाकारांनी घेतला आहे. क्रुसाला खिळलेल्या एका पराभूत माणसाकडे पाहून जगणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो लगेच जाणवावा.

आणि आपण वसईकर. आपल्याला हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. त्या मोहिमेचा मराठी पत्रव्यवहार गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांत (१९३०–३४) छापलेला आहे. तो विजेत्यांचा शब्द. पोर्तुगीजांच्या बाजूचे कागद गोव्याच्या दफ्तरखान्यात आहेत, आणि ते आयुष्यभर वाचून मराठ्यांच्या इतिहासावर प्रकाश टाकणारे विद्वान म्हणजे गोव्याचेच डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ आपल्या मुलांनी अवश्य पाहावा. पण किल्ला सोडून जाणारे गेले, किल्ल्यात येणारे आले. बागायती आणि होड्या सोडून कोठेच न गेलेल्या आमच्या पूर्वजांचे काय? दोन्ही दफ्तरांत ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी वाक्यात ओझरते येतात. त्यांना शोधायचे तर यशाच्या कहाणीने भागत नाही.

लॉर्ड ॲक्टन यांचे नाव येथे घेतले पाहिजे, कारण कार यांचे पहिले व्याख्यान सुरूच होते ॲक्टन यांनी १८९६ साली केंब्रिजच्या इतिहासमालेसाठी केलेल्या निवेदनाने. कार त्यांना एका आत्मविश्वासू, जुन्या काळाचे प्रतिनिधी म्हणून दाखवितात, थोडी थट्टाही करतात. ते कॅथलिक होते, हे आपल्या वाचकांना सांगायला हवे. कॅथलिक असल्यामुळे तरुणपणी त्यांना केंब्रिजच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला नाही. ते म्युनिकला जाऊन डोलिंगर या धर्मगुरूंपाशी इतिहास शिकले. ज्या विद्यापीठात पदवीचा विद्यार्थी होता आले नाही तेथेच ते १८९५ साली इतिहासाचे रीजियस प्राध्यापक झाले. मँडेल क्राइटन हे अँग्लिकन पंथाचे. त्यांनी पोप महोदयांच्या इतिहासात मध्ययुगीन पोपांना सौम्यपणे वागविले, तेव्हा १८८७ साली ॲक्टन यांनीच त्यांना कठोर पत्र लिहिले: अधिकारी माणसाला सामान्य माणसापेक्षा अधिक सवलत का? सत्तेविषयीचे त्यांचे प्रसिद्ध वाक्य त्याच पत्रातले. स्वतःच्या घराला अधिक कडक माप लावणारा हा कॅथलिक, कार यांच्या थट्टेपेक्षा मोठा आहे असे आमचे मत आहे.

कार यांच्याबरोबर दुसरे एक छोटे पुस्तक मुलांनी वाचावे, ते मार्क ब्लोक यांचे. फ्रान्सचे हे ज्यू इतिहासकार. शत्रूने देश व्यापलेला, ग्रंथसंग्रह हातचा गेलेला, अशा स्थितीत १९४१–४२ मध्ये त्यांनी इतिहासकाराच्या कारागिरीविषयी लिहावयास घेतले. पुस्तक अपुरे राहिले. प्रतिकार चळवळीत ते पकडले गेले आणि १६ जून १९४४ रोजी जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. १९४९ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले. आरंभी एक लहान मुलगा आपल्या इतिहासकार वडिलांना विचारतो की इतिहासाचा उपयोग काय. आमच्या धर्मग्रामातील वडील मंडळी हाच प्रश्न उलट्या बाजूने मुलांना विचारतात!

ब्लोक साक्षीदारांचे दोन प्रकार करतात. पुढच्या पिढीने वाचावे म्हणून लिहिणारे, आणि तसा हेतू नसताना नकळत साक्ष देऊन जाणारे. त्यांचा भर दुसऱ्यांवर आहे. आणि पुरावा तपासण्याच्या शास्त्राचा जन्म ते १६८१ या वर्षाशी जोडतात, तेव्हा आम्हाला आनंद झाला, कारण ती कथा व्रतस्थांची आहे. अँटवर्पचे येशूसंघीय फादर डॅनिएल पेपब्रोख हे संतचरित्रांची छाननी करणाऱ्या मंडळींपैकी एक. १६७५ साली त्यांनी लिहिले की बेनेडिक्टाइन मठांच्या अनेक जुन्या सनदा संशयास्पद आहेत. पॅरिसचे बेनेडिक्टाइन जाँ माबियों यांनी रागावून पत्रक काढले नाही. शाई, चर्मपत्र, अक्षराचे वळण, मोहरा, मायने, तारखा लिहिण्याची रीत यांवरून खरी सनद कशी ओळखावी याचा ग्रंथ त्यांनी सहा वर्षांनी, १६८१ साली, प्रसिद्ध केला. तो वाचून पेपब्रोख यांनी आपले खंडन झाल्याचा आनंद कळविणारे पत्र माबियोंना धाडले.

सर्वच जण इतके उदार नव्हते. आपला संघ एलिया संदेष्ट्याने स्थापिला अशी कार्मेल संघाची परंपरा होती. तिला पुरावा नाही असे पेपब्रोख यांनी म्हटले, तेव्हा मोठे वादळ उठले आणि १६९५ साली स्पेनच्या इन्क्विझिशनने त्यांच्या खंडांवर बंदी घातली. ती उठली १७१५ साली. आदल्याच वर्षी पेपब्रोख निवर्तले होते. "याला पुरावा काय?" हा प्रश्न आपल्याच घरात विचारणाऱ्याला काय सोसावे लागते, हे हा प्रसंग सांगतो. पुढे पोप तेरावे लिओ यांनी १८८१ साली व्हॅटिकनचा दफ्तरखाना विद्वानांना खुला केला, आणि १८८३ च्या पत्रात इतिहासकाराने असत्य सांगण्यास धजू नये व सत्य सांगण्यास भिऊ नये, हा सिसरोचा जुना दंडक उचलून धरला. सॅक्रिस्टीत आम्ही त्या मुलावर चिडलो तेव्हा यांतले काहीच आम्हाला आठवले नाही.

तो मुलगा आता दर शनिवारी दुपारी आमच्या कचेरीत येतो. बाप्तिस्म्याच्या आणि मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या त्याला टेबलावर बसून पाहू देतो, घरी नेऊ देत नाही. वाळवीने कडा खाल्लेल्या त्या वह्या संस्कारांची नोंद म्हणून लिहिल्या गेल्या, इतिहास म्हणून नव्हे. पण त्यांत धर्ममातापिता कोणत्या गावचे होते ते आहे, आणि एखाद्या वर्षी मृत्यूच्या नोंदी दाटीवाटीने, घाईच्या अक्षरात कशा येतात तेही आहे. गलबत अजून कोठे सापडलेले नाही. एका वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मात्र कोणा पूर्वसूरी धर्मगुरूने तेल, मेणबत्त्या आणि सुताराची मजुरी यांचा हिशेब लिहून ठेवला आहे, आणि तो मुलगा त्याच्यावर दोन शनिवार गुंतून पडला.

यंदाच्या सणाच्या पत्रकात आम्ही गलबताची कथा छापली, फक्त आरंभी "असे सांगतात" हे दोन शब्द घातले. त्या मुलाची आजी पत्रक हाती घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "फादर, इतकी वर्सं गलबत होतं, आता नुसतं सांगतात झालं?" तिची समजूत आम्हाला नीट घालता आली नाही. तिच्या आईने तिला ही कथा कशी सांगितली होती, कोणत्या शब्दांत, आणि आईला ती कोणी सांगितली होती, हे तिच्या नातवाने तिच्यासमोर बसून लिहून घ्यावे, असे आम्ही सुचविले आहे.